सातेरी निवासची जुनी लाइन

गंगाधर मेस्त्रीचा डावा कान गिरणीने खाल्ला होता आणि उजव्या कानावर त्याचं घर चालत होतं. करी रोडपासून भोईवाड्यापर्यंत ज्यांच्या भिंतींना ओल यायची ते सगळे शेवटी त्याच्याकडेच यायचे. आधी चार प्लंबर चार ठिकाणी भिंत फोडून जायचे, टाइल्सचा सत्यानाश व्हायचा, ओल मात्र जागची हलायची नाही. मग कुणीतरी म्हणायचं, "अरे, त्या कानवाल्या मेस्त्रीला बोलवा ना!" मेस्त्री यायचा. खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी तीन फुटी लोखंडी सळई. सळईचं एक टोक पाइपावर टेकायचं, दुसऱ्या टोकाला बसवलेली लाकडी वाटी उजव्या कानाला लावायची. पंखे बंद, टीव्ही बंद, बायकांनी बांगड्यासुद्धा वाजवायच्या नाहीत. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकायचं आणि खडूने भिंतीवर फुली मारायची. "हितं फोडा. आतला एल्बो गेलाय." फोडलं की वळणावरचा तो जोड गेलेला असायचाच.

ही विद्या त्याला लालबागच्या गिरणीत मिळाली होती. अठराव्या वर्षी तो तिथे वाफेच्या पाइपांवर फिटरच्या हाताखाली लागला. पाइपातून वाफ गळते ती दरवेळी दिसत नाही, ऐकावी लागते. दोन वर्षांत संप आला, गिरणी गेली, फिटर आपल्या गावी गेला. जाताना सळई मात्र गंगाधरच्या हातात देऊन गेला. त्या एका सळईवर गंगाधरने लग्न केलं, पोरी शिकवल्या आणि त्रेसष्ट वर्षांचा झाला.

गेल्या दोन-तीन वर्षांत उजवा कानही दगा द्यायला लागला होता. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि बायकोला, अंबिकेला. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे त्याला सांगता यायचं नाही, त्यावरून तिने ओळखलं. घरात दोघं मालवणीतच बोलायची. "मशीन घाला कानात," ती म्हणायची, "लाज कसली तेची?" त्यावर गंगाधर उखडायचा. "कानात मशीन घातलेल्या माणसाक पाइप आयकूक कोण बोलवतलो?" बोलणं तिथेच संपायचं. बरं, म्हातारा अगदीच चुकीचं बोलत होता असंही नाही. चष्मा लावलेला शिंपी लोकांना चालतो. मशीन लावलेला कानवाला मेस्त्री चालेल की नाही, हे पाहायची त्याची छाती नव्हती. म्हणून तो अर्धं ऐकायचा, अर्धं अनुभवाने जुळवायचा आणि आवाज चढवून ठामपणे सांगायचा. फेब्रुवारीपर्यंत हे खपून गेलं.

भोईवाड्यात सातेरी निवास नावाची चाळ आहे, तळमजला आणि वर दोन मजले. तिथल्या मोऱ्या एकाखाली एक आहेत आणि त्यांच्या कोपऱ्यातून लोखंडी पाइपाची उभी लाइन खालून वरपर्यंत जाते. पूर्वी सगळ्या चाळीचं पाणी त्याच लाइनने यायचं. पहाटे साडेचारला पाणी आधी तळमजल्यावर यायचं आणि खालच्यांनी नळ सोडला की वर नुसता सुस्कारा. म्हणून चाळीने एक रीत पाडली होती. तळमजल्यावरच्या सुंदराबाईंनी पाणी आलं की पितळी तांब्याने पाइपावर तीन ठोके मारायचे. पाणी आलं, उठा. वरच्या प्रत्येक मजल्याने उलट एक ठोका द्यायचा. जागे आहोत. सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय सुंदराबाई स्वतःची कळशी नळाखाली धरत नसत. उत्तर आलं नाही तर पुन्हा तीन ठोके, तरीही नाही तर गुडघे धरत जिना चढून दार वाजवायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या रघुवीरचे वडील एका पहाटे असेच बेशुद्ध सापडले होते आणि पुढे बारा वर्षं जगले. चाळीस वर्षं त्या बाईने चाळ जागी केली. ही रीत एकट्या सातेरी निवासची नव्हती. गंगाधरची आईसुद्धा असेच ठोके द्यायची, त्यामुळे त्यांचा अर्थ त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वी चाळीने गच्चीवर टाकी बसवली, पंप लावला आणि बाहेरच्या भिंतीवरून प्लास्टिकचे नवे पाइप फिरवले. काम गंगाधरनेच केलं. जुनी लाइन त्याने खाली कापली, दोन्ही टोकांना डमी म्हणजे बुचं ठोकून बंद केली आणि कोपऱ्यात तशीच राहू दिली, कारण ती उपटायची तर भिंती गेल्या असत्या. पाणी आता बटणावर येत होतं. सुंदराबाई मोरीच्या उंबऱ्यावर बसून त्याचं काम बघत होत्या. "झाला तर मग," त्या म्हणाल्या, "आता मी कोणाक उठवू?" गंगाधर हसला. "आता झोपा आरामात, आई." त्यांनी त्याला चहा दिला. त्यानंतर तो चाळीत कधीही आला तरी जिन्यापाशी त्यांची हाक यायची, "मेस्त्री, चाय घेवन जा!"

फेब्रुवारीत पहिल्या मजल्यावरच्या रुपालीच्या मोरीत ओल आली. रुपाली लग्न होऊन या चाळीत आली तेव्हा नवे पाइप बसलेले होते. नवरा दिवसभर कामावर, ती घरी बसून ब्लाउज शिवायची. रघुवीर चाळीचा सेक्रेटरी, त्यानेच गंगाधरला फोन केला. गंगाधर दुपारी अडीचला पोचला आणि दहा मिनिटांत गळती पकडली. नव्या पाइपाचा बाहेरचा जॉइंट सैल झाला होता. तो आवळून गंगाधर पाने पिशवीत टाकत होता तेवढ्यात रुपाली म्हणाली, "काका, अजून एक. हा कोपऱ्यातला जुना पाइप आहे ना, त्यात सकाळपासून टकटक होतेय. मध्येच थांबते, मध्येच चालू होते."

गंगाधरने सळई लावली. त्याला काहीतरी ऐकू आलं. लांब, घोगरं, पुसट. दोन होते की तीन, मध्ये थांबत होते की सलग होते, काही कळेना. त्याने वाटी कानावर आणखी दाबली. दारात रघुवीर उभा, समोर रुपाली, दोघं त्याच्या तोंडाकडे बघत होती. नीट ऐकू येत नाहीये, हे चार शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते.

"हवा आहे," तो म्हणाला. "पाइपातली हवा. पाणी चढता-उतरताना वाजते. लक्ष नका देऊ."

"हां, मग ठीक आहे," रघुवीर म्हणाला. त्याच्या स्वतःच्या मोरीत ती लाइन नव्या टाइल्सच्या आड गेली होती, त्याला वर काहीच ऐकू आलं नव्हतं. रुपालीचंही समाधान झालं. मेस्त्री म्हणतोय म्हटल्यावर कोण वाद घालणार? गंगाधर जिना उतरला. सुंदराबाईंचं दार आतून बंद होतं, चपला बाहेर नीट जोडून ठेवलेल्या होत्या. चहाची हाक आली नाही. दुपारची वेळ, झोपली असेल म्हातारी, असं मनाशी म्हणत तो घरी गेला.

तिसऱ्या दिवशी रघुवीरचा फोन आला. "सुंदराबाई गेल्या, मेस्त्री. मोरीत पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. दार फोडावं लागलं. डॉक्टर बोलले, दीड-दोन दिवस तशाच पडून असतील. हाक मारायचं त्राण पण नसेल रे त्यांना."

गंगाधर मटकन खाटेवर बसला. तरीही खरी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला पंधरा दिवस लागले. सुंदराबाईंचा भाचा देवगडहून आला होता. खोली बंद करून जाण्याआधी मोरीतला टपकणारा नळ बदलून द्या, म्हणाला. गंगाधर नळाखाली वाकला आणि त्याला ती जागा दिसली. कोपऱ्यातला जुना पाइप सगळा गंजून तपकिरी झालेला, फक्त जमिनीपासून वीतभर उंचीवर एका जागी गंज उडून लोखंड चकचकीत झालं होतं. उभ्या माणसाचा हात सहज तिथे जात नाही, बसलेल्याचाही नाही. तिथे हात जातो तो जमिनीवर आडव्या पडलेल्या माणसाचा. शेजारी पितळी तांब्या होता, काठ पार चेपलेला.

मग त्याला दुसरी गोष्ट आठवली आणि हातातला पाना खाली पडला. ही लाइन त्याने स्वतः कापली होती, स्वतः बंद केली होती. ज्या पाइपात दोन वर्षं पाण्याचा थेंब नाही, त्यात हवा चढते कुठून आणि उतरते कुठे? गल्लीतल्या शिकाऊ प्लंबरनेसुद्धा असं उत्तर दिलं नसतं. सुंदराबाईंनी तीन ठोके मारले होते, उत्तराची वाट पाहिली होती, पुन्हा मारले होते, आणि त्यांच्या डोक्यावर दहा फुटांवर गंगाधर मेस्त्री उभा राहून हवा आहे म्हणाला होता.

त्याने हे कुणालाच सांगितलं नाही. तांब्या उचलून फळीवर ठेवला, नळ बदलला आणि निघून आला. अंबिकेने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तो तिच्यावर खेकसला.

त्यानंतर ते ठोके त्याच्या मागे लागले. हिंदमाताजवळ एका साडीच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर त्याने सळई लावली, तर गळतीच्या सूं आवाजाआडून तीन ठोके आले. थांबले. पुन्हा तीन. त्याने वर पाहिलं, दुकानदार मोबाइलवर बोलत होता, त्याला काही ऐकू आलं नव्हतं. करी रोडच्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर सगळे पाइप प्लास्टिकचे, त्यावर काही मारलं तर भद्द वाजतं. तिथेही लोखंडावर पितळ वाजावं तसा खणखणीत आवाज आला. तीन. आणि त्यानंतर ती शांतता, जिच्यात पलीकडचं कुणीतरी कान देऊन बसलेलं आहे. ठोक्यांपेक्षा गंगाधरला त्या शांततेची भीती वाटायला लागली. त्याच्या खडूच्या फुल्या चुकू लागल्या. टॉवरमध्ये त्याने चांगली भिंत फोडायला लावली, आत सगळं कोरडं ठणठणीत निघालं. मेस्त्रीचा कान गेला, असं लोक बोलू लागले. एरवी त्याने असल्या बोलण्यावर रान उठवलं असतं, आता तो मान खाली घालून पिशवी उचलायचा.

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात रघुवीरने पुन्हा बोलावलं. "रुपालीच्या मोरीत परत आवाज येतोय, मेस्त्री. तिला सहावा चालू आहे आणि दुपारची घरात एकटी असते, घाबरलीय पोरगी. बघून जा जरा. आणि हे बघ, खालच्या खोलीला भाडेकरू बघतायत. चाळीत उगाच भलतीसलती चर्चा नको. समजतंय ना तुला?"

समजत होतं. हवा आहे, एवढंच त्याच्याकडून हवं होतं.

दुपारी तीनला तो रुपालीच्या मोरीत उभा राहिला. सळई पिशवीतून काढायची गरजच पडली नाही. खणखणीत तीन ठोके आले. त्याच्या दुबळ्या कानालाही आले, रुपालीलाही आले. दारातल्या रघुवीरने पटकन खाली जिन्याकडे पाहिलं. खालच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्याच खिशात होती.

"ऐकलंत?" रुपाली कुजबुजली. तिचे दोन्ही हात पोटावर होते. "काका, हवाच आहे ना? फेब्रुवारीत तुम्ही बोललेलात."

रघुवीर घाईघाईने म्हणाला, "हवाच आहे गं. सांग ना मेस्त्री तिला."

पुन्हा तीन ठोके. पुन्हा ती शांतता.

गंगाधर मोरीच्या कट्ट्यावर बसला. "हवा नाही," तो म्हणाला. "तेव्हापण नव्हती. या लाइनीत हवा असूच शकत नाही, मीच ती बंद केली. मला त्या दिवशी नीट ऐकू आलं नाही. माझा कान गेलाय, पोरी. तीन वर्षं झाली. तुमच्यासमोर कबूल करायची लाज वाटली, म्हणून तोंडाला आलं ते बोललो." मग त्याने तीन ठोक्यांचा अर्थ तिला सांगितला, आणि खालच्या पाइपावर वीतभर उंचीला असलेल्या त्या चकचकीत जागेबद्दलही.

रुपाली भिंतीला टेकली. "मी दिवसभर ऐकत होते," ती म्हणाली. "शिलाई मशीन चालवत होते आणि ऐकत होते. मला माहीतच नव्हतं." आणि ती रडायला लागली.

ज्या बाईने रघुवीरच्या बापाला बारा वर्षं मिळवून दिली, तिचे ठोके ऐकायला तो त्या दिवशी दोन पावलं मोरीत आला नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तीन ठोके आले.

गंगाधरने पिशवीतून पाना काढला. उभा राहून त्याने पाइपावर एकच ठोका मारला, जुन्या रीतीप्रमाणे, नीट, मोकळा. तिघंही श्वास धरून उभी राहिली. बाहेर कुणाच्या तरी कढईत फोडणी पडली, खाली गल्लीत रिक्षावाला टेम्पोवाल्याला शिव्या देत होता. पाइपातून पुन्हा आवाज आला नाही. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, आला नाही.

तरी रघुवीर म्हणाला की लाइन काढून टाका, आता ती डोळ्यांसमोर नको. रुपालीने हात आडवा केला. "खालची काढा. माझ्या मोरीतून रघुवीरदादांकडे वर जाते तेवढी राहू दे. दुपारची मी एकटी असते, काका. कधी गरज लागली तर?" रघुवीरने त्यावर वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः छिन्नी घेऊन आपल्या मोरीतल्या दोन महागाच्या टाइल्स फोडल्या आणि हातभर पाइप उघडा केला.

गंगाधरने सुंदराबाईंच्या खोलीतला पाइप जमिनीपासून छतापर्यंत कापून काढला. छतातलं भोक त्याने विटेचे तुकडे भरून सिमेंटने बुजवलं आणि वरून हात फिरवला. रुपालीच्या जमिनीखाली आता लोखंडाचा इंचही शिल्लक नव्हता. घरी जाऊन तो अंबिकेला म्हणाला, "चल, मशीन घेवया." ती पदर खोचून उठली.

मशीन घातल्यावर त्याला कळलं की आपली बायको स्वयंपाक करताना गुणगुणते. कामं कमी झाली, बंद झाली नाहीत. सळईतून आता गळतीचा आवाज यायचा आणि बाकी काही यायचं नाही.

रुपालीची तारीख डिसेंबरच्या शेवटी होती, त्याआधी ती बाळंतपणाला चिपळूणला माहेरी जाणार होती. तिच्या कळा तीन आठवडे आधी, भर दुपारी सुरू झाल्या. बातमी गंगाधरला पाच दिवसांनी कळली, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तो सातूच्या पिठाचा डबा आणि अंबिकेने शिवलेली दोन झबली घेऊन गेला. रुपाली खाटेवर बसली होती, पोर तिच्या मांडीवर झोपलं होतं, रघुवीर तिथेच होता आणि ती गोष्ट बहुधा विसाव्यांदा सांगत होता.

"मोरीतच पडले मी, काका," रुपाली म्हणाली. "पाय घसरला. उठता येईना, मोबाइल बाहेर शिलाई मशीनवर. हाताला डबा लागला, त्याने पाइपावर तीन ठोकले. काहीच नाही. मला वाटलं, संपलं आता. आणि मग उत्तर आलं. एक ठोका. तेवढ्याने काय धीर आला सांगू! मग मी ठोकतच राहिले, जोरजोरात, आणि रघुवीरदादा धावत आले."

"मी झोपलो होतो ना," रघुवीर म्हणाला. "पहिले मला ऐकूच आले नाहीत. नंतरचे ऐकले आणि सरळ जिना उतरलो."

गंगाधरने मशीन कानात नीट बसवलं. "मग उलट ठोका कधी दिलास?"

"मी कुठे दिला?" रघुवीर म्हणाला. "ठोकत बसायला वेळ होता काय?"

"वरून नव्हताच तो," रुपाली म्हणाली. "खालून आला. माझ्या कानाखाली फरशी होती, अगदी तिथूनच. मी तर समजले खाली कुणी राहायला आलंय."

खालच्या खोलीला अजून भाडेकरू मिळाला नव्हता. गंगाधरला आपण छताच्या भोकात दाबलेलं सिमेंट आठवलं, त्यावर फिरवलेला स्वतःचा हात आठवला. तोंडाशी जुना शब्द आला होता, हवा, आणि तो त्याने गिळून टाकला. दोन दिवस जिला आम्ही कुणी एक ठोका दिला नाही, त्या बाईने या पोरीला ठोका दिला, हे त्याला उमगलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याने ते लपवलं नाही.

जिना उतरून तो तळमजल्यावर थांबला. दाराला कुलूप होतं, कडीवर धूळ होती. त्याने चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या.

"आई," तो म्हणाला, "त्या दिवशी मी खोटं बोललो."

आतून काहीच आवाज आला नाही. मशीनमधून त्याला दूरच्या नळाची धारसुद्धा ऐकू येत होती, त्यामुळे आत खरोखरच आवाज नव्हता. मग त्याने बोट वाकवून दारावर एकच ठोका मारला आणि चपला पायात घालून घराकडे निघाला.